मी नदीवर नोती

अकोला, १९ फेब्रुवारी १९३४

मोर्शी मुक्कामी भगिनी मैनाबाई यांस,

तुमचा धाकटा बंधू पुंजाराम याचा सलाम पोहोचावा. तेवीस वर्षांनंतर तुमच्याकडून कार्ड आले. अक्षर सूनबाई शकुन यांचे आहे असे खाली लिहिले आहे. अक्षर स्वच्छ आहे. मजकूर एका ओळीचा आहे.

बाजाराची हकीकत सूनबाईंनी कोपऱ्यात बारीक अक्षरात घातली, म्हणून मला समजली. मोर्शीच्या बाजारात पुस्तके वाटणाऱ्या कोणा भल्या माणसाने आमच्या मिशनची "पेढी नदीच्या काठी" ही पुस्तिका त्यांच्या हाती दिली आणि त्यांनी ती तुम्हांस वाचून दाखविली. त्यावर तुमची ती एक ओळ : "मी नदीवर नोती. मी बाळंतीण होती."

त्या पुस्तिकेत माझी साक्ष आहे. वलगावच्या आपल्या घरातले देव नदीत टाकून मी ख्रिस्ती कसा झालो, त्या हकिकतीला आमच्या मंडळीत साक्ष म्हणतात. पान पाचवर तुम्ही नदीकाठी माझे पाय धरून आक्रोश करीत आहा, मला शिव्याशाप देत आहा आणि मी तुमचे हात सोडवून देवांचे गाठोडे डोहात फेकीत आहे, असे छापले आहे. छापखान्यात असे होते. मिशनच्या गोऱ्या साहेबांनी आधी इंग्रजीत लिहिले, मग कोणी मराठीत केले, त्यात दोन शब्द इकडचे तिकडे झाले असतील. मुख्य गोष्ट खरी आहे. तुम्ही मन मोठे करावे.

माझे येथे बरे चालले आहे. मी आता उपदेशक आहे. पुनरुत्थानाच्या सणाआधी चार रविवार उपदेश करण्याचे काम साहेबांनी माझ्यावर सोपविले आहे. विषय मीच निवडला : आजच्या काळातील मूर्ती. दगडाच्या तर आम्ही केव्हाच सोडल्या, पण माणूस नव्या घडवितो आणि त्यांना मूर्ती म्हणत नाही, असे माझे प्रतिपादन आहे. काल पहिला उपदेश नोकरी या विषयावर झाला. मंडळीस आवडला.

तुमच्या प्रकृतीचे वर्तमान कळवावे.

तुमचा बंधू,
पुंजाराम (उपदेशक)


अकोला, ६ मार्च १९३४

बाई,

शकुननं तुहं म्हणणं जसंच्या तसं लिहून पाठवलं. "‘तुम्ही’ आन ‘तुम्हांस’ करून कोणाले लिहून राहिला हा? मी काय तहसीलदारीण हाय? माह्या भावाले अशी भाषा येत नोती. आपल्या बोलीत लिहायचं असन तर लिही, नाई तर सरकारचं टपाल वाया घालू नोको."

वाचून मले हासू आलं. तुहा आवाजच आला न बाई कागदातून! मिशनच्या ट्रेनिंग शाळेत मास्तरनं पहिल्याच महिन्यात माहं मले-तुले काढून टाकलं होतं. मंग उपदेश पुस्तकी, प्रार्थना पुस्तकी, साहेबासंगं तर पुस्तकीच. घरी बायको सत्यभामा, थे नगरकडची, तिच्यासंगं तिच्यासारखं. तेवीस वर्षांत माह्यासंगं आपल्या बोलीत भांडणारं कोणी भेटलंच नाई. घे, आता तुह्याच बोलीत लिहितो. शकुन, वाचाले अडलं तर मोठ्यानं वाचजो पोरी, कानाले बरोबर समजते.

दुसरं तू जे इचारलं ते मले झोंबलं. "साक्ष देणाऱ्यानं डोळ्यानं पाह्यलेलं सांगा लागते. इथं कचेरीत खोटी साक्ष देल्ली तर पोलीस नेते. तुह्या देवळात काय करते?"

आमच्या देवळात पोलीस नसते बाई. चूक छापणाऱ्याची हाय असं मी तुले लिहिलं होतं, तेच पुन्हा लिहितो. तू एवढ्या-तेवढ्यावर अडून बसू नोको. तू लहानपणापासून अशीच, एक गोष्ट धरली की सोडाचं नाव नाई.

माह्या उपदेशाची मात्र इथं वाहवा चालू हाय. मंडळीले मी एक कसोटी देल्ली. म्हटलं, तुमच्या घरात अशी कोणती वस्तू हाय की जिले दुसऱ्यानं हात लावला तर तुमचं डोकं फिरते? तीच तुमची मूर्ती. तिले शेंदूर नसन, पण निवद तुमी रोज दाखवता. आमच्यात एक केशवराव हायेत, बडनेऱ्याहून येतात. रेल्वेत गार्ड होते, आता पेन्शनीत निघाले. त्यांच्या कोटाले साखळीचं घड्याळ. प्रार्थनेत डोळे मिटलेले असले तरी बोटं घड्याळावर. नातवानं एकदा चावी फिरवली तर त्याच्यासंगं महिनाभर बोलले नाईत म्हणतात. मी नाव घेतलं नाई, नुसतं "कोणाकोणाचं घड्याळ" एवढंच म्हटलं, तर सारी मंडळी मान वळवून त्यांच्याकडं पाहाले लागली. केशवरावचं तोंड कारल्यासारखं झालं. मले, खरं सांगतो, मजा वाटली.

परवाचा तिसरा उपदेश गोऱ्या साहेबाच्या मर्जीवर केला, साहेब दौऱ्यावर होते म्हणून. आमच्यात एक म्हातारी हाय, माणिकबाई, तिले साऱ्यायची गंमत करायची सवय. दारात मले म्हणे, "नोकरी झाली, घड्याळ झालं, साहेब झाला. आता चौथ्या रविवारी कोणाचा नंबर?" मी म्हटलं, पाहू.

बाई, या दिवसात मोर्शीची संत्री इथं येतात. बाजारात ढीग लागला की मी इचारतो, कोणत्या मळ्याची? यापारी म्हणते, तुले खायची हाय की सोयरीक करायची हाय? मी पुढं जातो. एखाद्या साली त्यात तुह्या झाडाचं एखादं असनच. आन एक गोष्ट मी कोणाले सांगत नाई. भाऊबीजेच्या दिवशी मी घरी थांबत नाई. दूरच्या गावी उपदेशाचं काम काढतो. आमच्या ख्रिस्ती चाळीत सण नसला तरी रस्त्यानं बायका ताटं घेऊन जातात, ते पाहवत नाई.

मी एकदा मोर्शीले येऊ का? उत्तर दे.

पुंजाराम


अकोला, २० मार्च १९३४

बाई,

तुहं उत्तर मी खिशात ठेवून फिरून राहिलो. "मोर्शीले यायचं असन तर आधी ज्या लोकायले खोटं सांगतलं, त्याच लोकायसमोर उभा राहून ते मागं घे. तोवर या दारात येऊ नोको. आला तर मी आत निघून जाईन."

तुले वाटत असन हे सोपं हाय. तुले सांगतो ते किती भारी हाय, पण त्याच्याआधी चौथ्या रविवारचं ऐक.

माह्या घरी भिंतीवर एक चौकट हाय. आत पुस्तिकेचं पहिलं पान, वर माहा फोटू, खाली मोठ्या अक्षरात "मूर्तिभंजक पुंजाराम याची साक्ष". साहेबानं देल्ली होती. सणासाठी सत्यभामा भिंतीले चुना लावत होती, म्हणून तिनं चौकट उतरवून परातीवर ठेवली, आन परातीत चुन्याचं पाणी होतं. मी बाहेरून आलो आन पाह्यलं. बाई, मी काय काय बोललो! तिच्या बापापर्यंत गेलो. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राह्यल्या.

सत्यभामा काही रडली नाई. हात पुसत म्हणाली, "अहो, घसा कशाला फोडता? तुमचीच कसोटी आहे ना, हात लावला की डोकं फिरतं ती मूर्ती? रोज सकाळी उठल्यावर त्या काचेला फडकं मारता. शनिवारी ओलं फडकं. मुलांना कधी शिवू दिली नाहीत. हार तेवढा घालायचा राहिलाय. लोका सांगे ब्रह्मज्ञान!" म्हण तिनं पुरीबी केली नाई, ब्रश घेऊन भिंतीकडं वळली.

मी खाटेवर बसलो. राग उतरला नोता, आन त्या रागातच मले समजलं की हे खरं हाय. केशवरावच्या घड्याळापेक्षा खरं.

चौथ्या रविवारी मी उभा राह्यलो, पण उपदेश केला नाई. तीन गाणी म्हणाले लावली आन खाली बसलो. माणिकबाईनं दारात माही गंमतबी केली नाई. त्यापेक्षा केली असती तर बरं होतं.

आता ऐक. छापणाऱ्याची चूक नाई. साहेबाची नाई. मीच सांगतलं तसं त्यांनी लिहिलं.

बाप्तिस्म्यानंतर मिशनच्या पहिल्या वार्षिक मेळ्यात मी साक्ष देल्ली तवा तू नदीवर नोती. मी खरं तेवढंच सांगतलं, दोन मिनिटांत झालं, लोकं जांभया देत होते. दुसऱ्या साली मी वलगावच्या लोकायले काठावर आणलं, दगड घेऊन. थोडं बरं झालं. तिसऱ्या साली मागं बसलेले लोक उठून चालले होते, चहाची वेळ झाली होती. मी घाबरलो आन माह्या तोंडून निघालं, "आणि तेथे माझी बहीण आली." सारे खाली बसले. एका बाईनं पदर डोळ्याले लावला. मंग काय, पुढच्या साली तू माहे पाय धरले. त्याच्या पुढच्या साली शाप देल्ला. एका साली तू काठावर लोळलीबी. दर वर्षी मेळ्यात मी तुले रडवत गेलो बाई, आन तुले रडवलं की मले लोक पाया पडल्यासारखे भेटाले येत. त्या एका गोष्टीवर मी मिशनमधल्या शिपायाचा उपदेशक झालो.

आता मेळा सात एप्रिलले हाय. दोनशे लोकं येतात, अमरावती, बडनेरा, पार खामगावपासून. औंदा साहेबानं आधीच सांगून ठेवलं, "पुंजाराम, पुस्तिकेची नवी आवृत्ती निघून राहिली, साक्ष जोरात होऊ दे." तिथं उभा राहून मी खोटं बोललो म्हणू? मंग माह्यापाशी राह्यलं काय? दुसरं मले काही येत नाई. मी मोठा वाचलेला नाई, गळा गोड नाई. लोक माहं ऐकतात ते त्या नदीपायी.

मले तुह्या दारात यायचं हाय. ते मले समजते. पण तू मागितलं ते लय हाय बाई.

पुंजाराम


अकोला, २ एप्रिल १९३४

बाई,

तुह्या कार्डावर शकुननं एका जागी शाई सांडलेली हाय. ती तुह्यापायी की तिच्यापायी, मले माईत नाई.

"देव गेले त्याचं मी पाहून घेतलं. सोनाराकडून दुसरे टाक घडवले. तुह्या देवाशीबी माहं भांडण नाई, तू ज्याचं नाव घ्यायचं त्याचं घे. पण त्यात मायचा टाक होता. माय कुठून आणू?"

मागच्या पत्रापर्यंत मी तुले सांगणार होतो की त्या गाठोड्यात मायचा टाक हाय हे मले माईतच नोतं. मनात वाक्यबी जुळवून ठेवलं होतं. ते खोटं हाय. मले माईत होतं.

शकुन, हे तुले ठाऊक नसन म्हणून लिहितो. आमची माय मेली तवा मी चार वर्षांचा होतो आन तुही सासू दहाची. पुढं ती जाणती झाल्यावर तिनं मायची जोडवी मोडून सोनाराकडून चांदीचा छोटा टाक घडवला, त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं, आन तो वलगावच्या देवघरात देवांशेजारी ठेवला. मायचा फोटू नोता, दुसरं काहीच नोतं. माहेरी आली की आधी तो टाक पदरानं पुसे आन मंग पाणी पिये.

आता त्या दिवसाचं सांगतो. हे मी कोणाले सांगतलं नाई, सत्यभामालेबी नाई.

देवीदास जन्मून पाच दिवस झाले होते. वैशाख होता. तू आतल्या खोलीत बाजेवर, आत्याबाई पार्बताबाई शेकशेगडीत गुंतलेली. घरात सुवेर, म्हणून देवाले कोणी शिवत नोतं, देवघराचा पडदा पाडलेला. बाराव्या दिवशी सुवेर फिटेपर्यंत तिकडं कोणी पाहणार नाई हे मी हिशेबानं धरलं होतं. हे माहं धाडस! लोकं काठावर दगड घेऊन उभे होते म्हणतो मी मेळ्यात. कोणी नोतं. मी चोरासारखा दिवस निवडला. तू उठू शकत नोती असाच दिवस निवडला.

डोक्याचा रुमाल सोडून त्यात सारं बांधलं. मायचा टाक वेगळा काढता आला असता. एकदा मनात आलंबी. पण मिशनच्या लोकायनं सांगतलं होतं की काही मागं ठेवू नोको, आन मले ते पुरं करून दाखवायचं होतं. म्हणून मी पाहलंच नाई. डोळे दुसरीकडं करून हातानं गोळा केलं, गाठ मारली, पुन्हा सोडली नाई. सोडली असती तर टाकवलं नसतं.

तुह्या खोलीच्या दारावरून जा लागे. तू आतून आवाज देल्ला, "पुंज्या, कुठी चालला रे उन्हाचा?" मी म्हटलं, "मळ्यात पाणी द्याले." तू म्हणाली, "डोक्याले रुमाल बांध, ऊन लागन."

बस. तेच तुहं माह्यासंगं शेवटचं बोलणं. मी छापून आणलं, "तुझे वाटोळे होईल" म्हणून.

पेढीले पाणी गुडघाभरबी नोतं. डोह कुठला आन काय. मी गाठोडं टाकलं तर ते वरच राह्यलं, अर्धं बाहेर. मंग पायानं चिखलात दाबलं. बाई, मी पायानं दाबलं. मंग उघड्या डोक्यानं अमरावतीचा रस्ता धरला.

मी येशूले सोडून राहिलो नाई. ते तुले आवडो न आवडो. त्यानं मले धरलं ते खरं हाय, आन त्यानंच आता मानेले धरलं असं वाटते. पण गेली वीस वर्षं मी त्याचं नाव घेऊन त्या पाचव्या पानाची पूजा केली. दुसऱ्याच्या घरातले देव मोजत फिरलो, दिव्याखाली अंधार.

शनिवारी मेळा हाय. मी सांगणार हाय. हे तुले कबूल करून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी पळून जाता येणार नाई. लय भेव लागून राह्यलं.

पुंजाराम


अकोला, ९ एप्रिल १९३४

बाई,

सांगतलं.

लिंबाखाली मांडव होता. साहेबानं माहं नाव पुकारलं आन लोकायनं टाळ्या वाजवल्या. मी सुरुवात केली ती आपल्या बोलीत. का केली माईत नाई, पुस्तकी शब्दायत ते खोटंच येत होतं. पहिल्या वाक्याले काही लोकं हासले, त्यायले वाटलं गंमत करून राहिला. मंग म्हटलं, "माही बहीण नदीवर नोती. ती बाळंतीण होती. मी तुमाले वीस वर्षं खोटं सांगतलं." मंग कोणी हासलं नाई.

सारं सांगतलं. सुवेराचं, रुमालाचं, पायानं दाबल्याचं. तू शेवटी काय म्हणाली तेबी.

केशवराव उभे राह्यले. त्यायचा हक्कच होता. म्हणाले, "उपदेशक, म्हणजे इतकी वर्षं आम्ही ऐकलं तरी काय?" मी म्हटलं, "मले ऐकलं." ते बसले. रागात होते, पण बसताना घड्याळ काढून पाहिलं नाई, एवढं मी पाह्यलं.

साहेब मंग घरी आले. ओरडले नाईत. नवी आवृत्ती निघणार नाई, जुन्या पुस्तिका वाटणं बंद. आन नाताळपर्यंत मी मंडळीसमोर उभं राह्यचं नाई. तोवर मिशनच्या मळ्याचं काम पाहायचं. मी बरं म्हटलं. काल वांग्याले पाणी देल्लं. हात विसरले नाईत, पाठ विसरली. सत्यभामा बांधावर बसून हासत होती, म्हणे, "माळ्याचा उपदेशक झाला आणि उपदेशकाचा परत माळी." भिंतीवरची चौकट तिनं कुठी ठेवली मी इचारलं नाई. भिंतीवर पांढरा चौकोन तेवढा दिसते. सकाळी उठल्यावर हात तिकडं जाते, काय करू. काही लोकं रस्त्यात दुसरीकडं पाहतात. ते लागते मनाले, नाई असं म्हणत नाई.

पण तुले लिहाले बसलो ते या साऱ्यासाठी नाई. मेळा उठल्यावर माणिकबाई काठी टेकत आली. मले वाटलं आता ही सोलून काढन. तिनं इचारलं, "तुह्या मायचं नाव काय होतं?"

म्हटलं, कौशल्या. बाई, इतक्या साक्षी देल्ल्या, पण मायचं नाव मी त्या मांडवात पहिल्यांदा घेतलं. मंग ती म्हणे, "दिसे कशी?"

मले सांगता आलं नाई.

मी लय जोर लावला. एक हात आठवते, बांगड्यायचा, आन भाकरीचा वास. तोंड येत नाई. मले आठवते ते त्या टाकावरचं, सोनारानं ठोकलेलं, आन तेबी मीच चिखलात घातलं. माणिकबाई माह्या पाठीवर हात फिरवून गेली.

पार्बताबाई आत्या जाऊन दहा वर्षं झाली म्हणतात. मायले पाह्यलेलं आता जगात एकच माणूस राह्यलं, आन ते तू. तू मागितलेलं मी केलं, म्हणून हक्क सांगून राहिलो नाई. तू बोलाव न बोलाव. पण एवढं लिहून पाठव, माय कशी दिसे? शकुन, सासू जे बोलन ते शब्दन्‌शब्द लिहजो, सुधरवू नोको.

पुंजाराम


मोर्शी, २२ एप्रिल १९३४

मामासासऱ्यांस शकुनचा नमस्कार. सासूबाई सांगून राहिल्या तसंच लिहिते.

पुंज्या,

तुहं पत्र तीनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा राग आला. पायानं दाबलं ते लिहिलं तिथं मी शकुनले म्हटलं, थांब, आन मळ्यात निघून गेली. मंग आली. दुसऱ्यांदा पुरं ऐकलं.

तू त्या दिवशी रुमाल बांधला नाई हे मले माईत होतं. तू दारावरून गेला तवा तुही सावली भिंतीवर पडली होती, डोकं उघडं होतं. मी दिवसभर म्हणत राह्यली, पोराले ऊन लागन. बाराव्या दिवशी पडदा उघडला तवा समजलं रुमाल कुठी गेला. ते मी माफ केलं की नाई हे मले इचारू नोको. मलेच माईत नाई.

मायचं सांगते. सावळी होती. उंच नोती, पण चाले तवा उंच वाटे. उजव्या भुवईवर वण होता, चुलीतलं लाकूड उडालं होतं. रागावली की नुसती गप्प बसे, ते माह्यात आलं. आन हासली की तोंडावर हात धरे, काहून की वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. तुले दुधाचे दात पडून नवे आले तवा तुहाबी तोच दात तसाच चढून आला. सारे म्हणत, पोरगं विद्रूप दिसन. मी एकटीच खुश होती. तुले हासवाले मी काय काय करे, तुले आठवत नसन. गुदगुल्या करे, माकडावानी नाचे. तुले वाटे बहीण खेळवून राह्यली. मी तो दात पाहत होती.

देवीदास म्हणते, मामा येत असन तर येऊ दे. घरात पाव्हणेरावळे असतात, तुले ओसरीवर जेवा लागन, ताट वेगळं राहीन. राग मानू नोको. मीबी ओसरीवरच बसीन.

तो दात हाय ना अजून? दाखवाले ये.

मैना


अकोला, २७ एप्रिल १९३४

बाई,

तो दात पाच वर्षांखाली किडला म्हणून मी काढून टाकला. डाक्टरनं इचारलं होतं, ठेवायचा का, आन मी म्हटलं, तसाबी वाकडाच हाय, काढा. मले काय माईत बाई तो कोणाचा होता. आता तिथं खिंड हाय, बोललो की हवा जाते. तुले पाह्याले काही ठेवलं नाई मी, तेबी नाई.

तरी मंगळवारी येऊन राहिलो. सकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून अमरावती, आन दुपारच्या मोटारीनं मोर्शी. ओसरीवर बसून हासून दाखवीन. किती उरलं ते तूच पाहून घेजो.

पुंज्या